कोकणातल्या आम्ल जमिनीत चुना कधी टाकायचा आणि नांगर कधी थांबवायचा: नव्याने शेती करणाऱ्यांसाठी

आमची शेती संगमेश्वर तालुक्यात. थोडे भाताचे कोपरे, थोडी वरकस (वरची, पाणी न साचणारी जमीन), बाकी काजू. सासरे गेल्यावर ती माझ्याकडे आली आणि पहिली दोन वर्षं मी जे जे कुणी सांगेल ते सगळं केलं. शेणखत घातलं, जीवामृताचे ड्रमच्या ड्रम ओतले, जिवाणू खतांची पाकिटं आणली, दरवर्षी पॉवर टिलर दोनदा फिरवला. तरी भात कापल्यावर लावलेली चवळी आणि भुईमूग पिवळटच. मग एके दिवशी शेजारचे काका बांधावरून उतरून आले, कुदळीने चवळीचं एक रोप मुळासकट काढलं, बादलीत हळूच धुतलं आणि माझ्यासमोर धरलं. म्हणाले, "सूनबाई, ह्याला गाठी कुठे हायत?" कडधान्याच्या मुळावर जिवाणू ज्या गाठी करतात, त्यातली एकही नव्हती. मुळं आखूड, जाडसर, तपकिरी, टोकं जळल्यासारखी.

माती तपासली तेव्हा सामू (पीएच, म्हणजे जमीन किती आम्ल ते सांगणारा आकडा) निघाला 5.1, म्हणजे बराच आम्ल. म्हणजे मी जिवाणू विकत आणत होते आणि त्यांना राहता येणार नाही अशा घरात सोडत होते. त्यानंतर जे शिकले ते इथे क्रमाने लिहितेय, कारण शहरातून परत गावी येऊन शेती करणारे खूप जण मला हेच प्रश्न विचारतात आणि बहुतेकांची चूक एकच असते, की क्रम चुकतो. बिननांगरटीची शेती आधी सुरू करतात आणि चुना मागाहून आठवतो.

लागणाऱ्या गोष्टी (आधीच जमवून ठेवा)

- माती तपासणीसाठी: सातबारा, आधार, मोबाईल नंबर, गट नंबर, मागचं पीक आणि पुढचं पीक कुठलं ते
- कुदळ किंवा फावडं, प्लॅस्टिकचं घमेलं, स्वच्छ कापडी पिशव्या, चिठ्ठ्या
- चुनखडी पावडर किंवा डोलोमाईट (कुठला ते पुढे सांगते)
- वजनकाटा, मोजणीचा टेप, दोरी
- डोळ्यांना चष्मा, तोंडाला मास्क, रबरी हातमोजे, फुल बाह्यांचा शर्ट
- घरातलं व्हिनेगर, थोडंसं
- जुन्या शंभर टक्के सुती कापडाचे दोन-तीन तुकडे

1. आधी बघा, तुमची जमीन ह्या लेखातली आहे का

हे पहिलं, कारण इथे चुकलात तर पुढचं सगळं नुकसान. चुना फक्त आम्ल जमिनीला. म्हणजे कोकणातली जांभ्याची लाल माती, गोव्यातली तशीच, आणि सह्याद्रीच्या माथ्यावरचा पावसाचा पट्टा, गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगड वगैरे. इथे पाऊस इतका पडतो (कोकणात सर्रास 2500 मिलीमीटरच्या वर) की मातीतलं कॅल्शियम, मॅग्नेशियम हजारो वर्षं धुऊन जात राहिलंय आणि मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरलंय.

मराठवाडा, विदर्भ, सोलापूर, नगरकडच्या काळ्या जमिनी बऱ्याच ठिकाणी आधीच चुनखडीच्या आहेत, सामू साडेसातच्या वर. तिथे चुना टाकणं म्हणजे झिंक आणि लोहाची कमतरता ओढवून घेणं. माझ्या माहेरचे लोक तिकडचे, त्यांनी माझा अनुभव ऐकून लगेच विचारलं की आम्ही पण टाकू का, मी ठाम नाही म्हटलं. तुम्ही त्या भागातले असाल तर ह्या लेखातलं नांगरटीचं वाचा, चुन्याचं सोडून द्या.

काजूच्या बागेतही चुन्याची घाई नको. काजूला आम्ल जमीन बऱ्यापैकी चालते.

2. मातीचा नमुना नीट घ्या

एप्रिल-मे मध्ये, शेत रिकामं असताना, खत टाकायच्या आधी. प्रत्येक प्रकारच्या जमिनीचा नमुना वेगळा. भाताचा सखल कोपरा आणि वरची वरकस एकत्र केलीत तर रिपोर्ट दोन्हीचा नसतो.

शेतात नागमोडी चालत 8-10 जागा घ्या. वरचा पालापाचोळा बाजूला करून इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा, 15-20 सेंटीमीटर खोल, आणि त्याच्या एका बाजूची वरपासून खालपर्यंत सारखी पातळ चकती काढायची. सगळी माती घमेल्यात मिसळा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, असं करत अर्धा किलो ठेवा. सावलीत वाळवा. बांधाजवळ, झाडाखाली, उकिरड्याची जागा आणि राब (पालापाचोळा वगैरे) भाजलेली जागा टाळायची. राबाचं मुद्दाम सांगतेय, आपल्याकडे दाढीसाठी, म्हणजे भाताच्या रोपांच्या वाफ्यासाठी, राब भाजतात तिथे राखेमुळे सामू वाढलेला असतो, राख म्हणजे एक प्रकारे चुनाच, त्यामुळे तिथली माती मिसळली की पूर्ण शेताचा आकडा खोटा येतो.

तुमची जमीन आधीपासूनच बिननांगरटीची असेल तर दोन थर वेगळे घ्या, वरचे 5 सेंटीमीटर एक आणि त्याखालचे 5 ते 15 दुसरा. न नांगरलेल्या जमिनीत खत वरच पडत राहतं, त्यामुळे वरचा थर आणि खालचा थर ह्यांचा सामू वेगळा असू शकतो आणि एकत्र नमुन्यात ते लपतं.

नमुना कृषी सहाय्यकांकडे द्या किंवा जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात, किंवा दापोलीला कोकण कृषी विद्यापीठात. देताना तोंडाने सांगा की चुन्याची गरज पण काढून द्या. 2015 पासूनच्या मृदा आरोग्य पत्रिकेत 12 गोष्टी तपासतात, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब (कार्बन), नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश), गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं. चुन्याच्या गरजेची चाचणी त्या 12 मध्ये नाही. मी पहिल्या वेळी सांगितलं नाही आणि नुसता सामू घेऊन घरी आले, परत खेप.

3. रिपोर्ट हातात आला की काय बघायचं

सामू म्हणजे पीएच. 7 म्हणजे ना आम्ल ना अल्क, त्याखाली आम्ल. ही मोजपट्टी सरळ नाही, 5 सामूची जमीन 6 च्या दहापट आम्ल असते, त्यामुळे "एकाचाच तर फरक" असं समजू नका.

साधारण 5.5 च्या खाली गेलं की मातीतलं ॲल्युमिनियम विरघळायला लागतं आणि मुळांची टोकं मारतं, काकांनी दाखवलेली ती आखूड मुळं त्याचीच. तुम्ही टाकलेलं स्फुरद लोह-ॲल्युमिनियमला चिकटून अडकतं. आणि जिवाणूंचं काय होतं ते तर नीट समजून घ्याच. बुरशी आम्ल जमिनीत बऱ्यापैकी तग धरते, जिवाणू धरत नाहीत. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात एक जुना शेतपट्टा आहे, पूर्वी चुना असमान पडल्यामुळे तिथे एकाच जमिनीत सामू 4 पासून 8 पर्यंत बदलत जातो. 2010 मध्ये तिथल्या अभ्यासात दिसलं की सामू 4 वरून 8 कडे जाताना जिवाणूंची विविधता जवळपास दुप्पट होते आणि बुरशीत फारसा फरक पडत नाही. माती तीच, हवामान तेच, फरक सामूचा.

अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू आम्ल मातीत मंदावतात. रायझोबियम, म्हणजे कडधान्याच्या मुळावर गाठी करणारे, ते तर फारच हळवे. त्यात त्यांच्या नत्र पकडायच्या कामाला मॉलिब्डेनम हे सूक्ष्म अन्नद्रव्य लागतं आणि ते आम्ल जमिनीत अडकलेलं असतं, चुना पडला की मोकळं होतं.

आपल्याला 7 वर जायचं नाही. 6 च्या आसपास पुरे, साडेसहाच्या वर अजिबात नको, नाहीतर झिंक आणि बोरॉन कमी पडायला लागतं.

4. चुना कुठला घ्यायचा

दुकानात "चुना द्या" म्हटलं की काहीही मिळतं, म्हणून नावं माहीत पाहिजेत.

*चुनखडी पावडर*, म्हणजे न भाजलेला दगड दळून. सावकाश काम करते, मातीला सोसते. नवख्याने हीच घ्यावी.

*डोलोमाईट*, ह्यात मॅग्नेशियम पण असतं. आपल्या धुपलेल्या जमिनीला चांगलं, मी आता हेच वापरते.

*कळीचा चुना आणि विरलेला चुना*, भाजलेले. जोर जास्त (शुद्ध चुनखडी 100 धरली तर विरलेला साधारण 136 आणि कळीचा 179), म्हणजे कमी लागतो, पण हात भाजतात, डोळ्यात गेला तर फार वाईट, आणि एका जागी ढीग पडला तर तिथले जिवाणूच मरतात.

*शिंपल्यांची पूड* समुद्राजवळच्यांना मिळते, तीही कॅल्शियम कार्बोनेटच, फक्त बारीक दळलेली हवी.

जिप्सम म्हणजे चुना नाही. हा सगळ्यात मोठा सापळा. जिप्सममध्ये कॅल्शियम असतं पण त्याने सामू वाढत नाही, ते चोपण (सोडियममुळे घट्ट झालेल्या) जमिनीसाठी किंवा भुईमुगाला आऱ्या (शेंग धरणारे, जमिनीत शिरणारे दांडे) सुटताना कॅल्शियम म्हणून. मला एका विक्रेत्याने पांढरी गोणी "तेच आहे" म्हणून दिली होती. ओळखायची पद्धत अशी, चिमूटभर पावडर बशीत घ्या आणि वर व्हिनेगर टाका. चुनखडी चटकन फसफसते, डोलोमाईट हळूहळू बारीक बुडबुडे सोडतं, जिप्सम गप्प बसतं.

बारीकपणा बोटाने बघा. टाल्कम पावडरसारखी पाहिजे, रव्यासारखी खरखरीत असेल तर ती मातीत वर्षानुवर्षं नुसती पडून राहील.

5. किती टाकायचा

रिपोर्टवरची चुन्याची गरज हाच आकडा धरा. नुसत्या सामूवरून ठरवू नका, कारण एकाच सामूच्या दोन जमिनींना वेगळा चुना लागतो. चिकण आणि सेंद्रिय कर्ब जास्त असलेली जास्त खाते, रेताड कमी.

आकडा हेक्टरमध्ये येतो आणि आपली शेती गुंठ्यात असते म्हणून हिशोब सांगते: हेक्टरचे साधारण 100 गुंठे. 2 टन प्रति हेक्टर असेल तर गुंठ्याला 20 किलो. 10 गुंठ्यांच्या कोपऱ्याला 200 किलो. एवढं एकदम परवडत नसेल तर दुसरा रस्ता आहे, पेरणीच्या ओळीत थोडाथोडा दरवर्षी. भारतातल्या आम्ल जमिनींवर आयसीएआरने (भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने) हेक्टरी 2 ते 4 क्विंटल चुना सरीत देण्याची पद्धत सांगितलीय, म्हणजे गुंठ्याला फक्त 2 ते 4 किलो. बी पडतं तेवढीच जागा सुधारायची. मी भुईमूग आणि पावट्याला हेच करून सुरुवात केली आणि नवीन माणसाने हेच करावं असं माझं स्पष्ट मत आहे, पैसे कमी अडकतात आणि फरक पहिल्याच हंगामात मुळं उपटून बघता येतो.

आणि खताचा हिशोब पण ठेवा. 100 किलो अमोनियम सल्फेटने जी आम्लता येते ती मारायला साधारण 110 किलो चुनखडी लागते. युरियानेही आम्लता येते, कमी येते. एका हाताने चुना आणि दुसऱ्या हाताने दरवर्षी अमोनियम सल्फेट चाललं असेल तर सामू हलणार नाही. रांचीच्या लाल आम्ल जमिनीवर 1970 च्या दशकापासून खतांचे दीर्घकालीन प्रयोग चालू आहेत, तिथे नुसतं नत्र दिलेले प्लॉट खचत गेले आणि खतांबरोबर चुना किंवा शेणखत मिळालेले टिकले.

6. टाकायचा कधी, कसा: आणि ही शेवटची नांगरट

चुनखडी पाण्यात फार कमी विरघळते. वर फेकून दिली तर वर्षाला जेमतेम काही सेंटीमीटर खाली जाते. म्हणजे तुम्ही आधीच नांगर बंद केलात आणि मग चुना टाकलात तर वरचा थर सुधारेल आणि मुळं खाली जाऊन परत त्याच आम्ल मातीत अडकतील. म्हणून बिननांगरटीकडे जायचं असेल तर नुसता सरीतला चुना पुरत नाही, आधी सगळ्या वाफ्यात चुना, एकदा नीट नांगरून 10-15 सेंटीमीटरपर्यंत मिसळायचा, आणि मग नांगर ठेवून द्यायचा. ब्राझीलच्या सेराडो भागातल्या आम्ल जमिनी अशाच लागवडीखाली आल्या, सुरुवातीला चुना मिसळून आणि पुढे बिननांगरट.

वेळ: पेरणीच्या तीन-चार आठवडे आधी. आमच्याकडे मी मे मध्ये वळवाचा एखादा पाऊस पडून माती जरा ओलावली की टाकते. जूनचा धो-धो सुरू झाल्यावर उतारावर टाकाल तर पावडर वहाळात. दुसरी चांगली वेळ भात कापल्यावर, ओल असताना, पावट्याच्या आधी.

दोरी लावून शेताचे गुंठा-गुंठा तुकडे पाडा, प्रत्येक तुकड्याचं वजन वेगळं करा, अर्धं उभं फेका अर्धं आडवं. वारा नसलेली सकाळ, चष्मा-मास्क लावूनच. डोळ्यात गेला तर चोळू नका, भरपूर पाण्याने धूत राहा आणि डॉक्टर गाठा.

युरिया, अमोनियम सल्फेट, सुपर फॉस्फेट आणि ताजं शेण चुन्याबरोबर एकत्र नको. मी एकदा वेळ वाचवायला विरलेला चुना आणि युरिया एकाच दिवशी टाकला, शेतात उभं राहवेना इतका अमोनियाचा वास, डोळ्यातून पाणी. तो वास म्हणजे माझं नत्र हवेत चाललं होतं. दोन-तीन आठवड्यांचं अंतर ठेवा. सुपर फॉस्फेटचं स्फुरद चुन्याने बांधलं जातं.

7. नांगर थांबवणं

आता नांगरटीने होतं काय? माती फोडली की आत दडलेला सेंद्रिय माल उघडा पडतो, हवा लागते, जिवाणू त्याच्यावर तुटून पडतात, थोडे दिवस नत्र सुटतं आणि पीक हिरवं दिसतं, म्हणून आपल्याला वाटतं नांगरट लागू पडली. पण तो कर्ब जळून गेलेला असतो. बुरशीचे धागे, जे मुळांना दुरून स्फुरद आणून देतात, ते दरवर्षी तुटतात. गांडुळांची बिळं मोडतात. भातात चिखलणी (लावणीआधी पाण्यात माती कालवून चिखल करणं) केली की कणांची रचना पूर्ण मोडते आणि खाली कडक थर बसतो, भातानंतरच्या कडधान्याची मुळं त्याच्यावर आपटून आडवी होतात.

कोकणात ह्याला तयार वाट आहे, नेरळचे चंद्रशेखर भडसावळे ह्यांचं सगुणा राईस तंत्र, एसआरटी. एकदाच नांगरून कायमचे गादीवाफे (उंच वाफे) करायचे, साच्याने भोकं पाडून भात टोकायचा, चिखलणी नाही, लावणी नाही. कापणी झाल्यावर धसकटं आणि मुळं जमिनीतच ठेवायची आणि त्याच वाफ्यावर पावटा, चवळी, हरभरा, भुईमूग. ती मुळं आत कुजतात, त्यांच्या जागी नळ्या तयार होतात, त्यातून हवा-पाणी खाली जातं. मुळं उपटायची नाहीत, हे मजुरांना दोनदा सांगा.

इथे एक गोष्ट आहे जी मला कुणी सांगितली नव्हती. पाणी साचलेल्या भातखाचरात आम्ल मातीचा सामू आपोआप वर जातो, साडेसहा-सातकडे, कारण हवा संपल्यावर लोहाचं रूप बदलताना आम्लता खर्च होते. म्हणून चिखलणीच्या भाताला आम्ल जमीन तितकी जाणवत नाही आणि आपले वाडवडील चुन्याशिवाय भात घेत आले. पाणी उतरलं की सामू परत खाली. पण तुम्ही गादीवाफ्यावर गेलात की वाफ्यात हवा खेळते, पाणी साचत नाही, तो फुकटचा फायदा गेला. म्हणजे चिखलणी सोडणाऱ्याला चुन्याची गरज जास्त, कमी नाही. आमच्या वाडीत दोघांनी वाफे केले, भात फिकट आला, तंत्राला नावं ठेवून मोडून टाकले. सामू कुणी बघितलाच नव्हता.

सापळे ह्या टप्प्यावरचे:

- तण. पहिली दोन वर्षं तणच तण. एसआरटीत तणनाशकाची शिफारस आहे, मी थोड्या जागेत हाताने काढते आणि पालापाचोळ्याचं आच्छादन जाड ठेवते. तणाची सोय आधी करा, मगच नांगर सोडा.
- एकदम सगळं शेत नको. 2015 मध्ये जगभरातले 610 अभ्यास एकत्र करून बघितलं तेव्हा नांगरट बंद केल्याने उत्पन्न एकंदर सरासरी 5.7 टक्के कमी आलं होतं. आच्छादन आणि पीक फेरपालट जोडीला असेल तर ती घट निम्म्याहून कमी झाली. म्हणून पहिल्या वर्षी एकच कोपरा घ्या.
- उघडी जमीन. चुना पडल्यावर जिवाणू वाढतात आणि सेंद्रिय माल भराभर खातात. त्यांना खायला शेणखत, पाला, गिरिपुष्पाची पानं काहीतरी द्यावं लागतं, नाहीतर दोन वर्षांत कर्ब खाली येतो.

8. जिवाणू खतं आता द्या

आता पाकिटाला अर्थ आहे. रायझोबियम 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम, गुळाच्या पाण्यात कालवून, सावलीत सुकवून लगेच पेरणी. त्या त्या पिकाचं रायझोबियम हवं, आणि पाकिटावरची तारीख बघा. जमीन अजून पूर्ण सुधारली नसेल तर जिवाणू लावलेल्या ओलसर बियांवर अगदी बारीक चुनखडीचा पातळ थर द्या, बियांभोवतीच्या आम्लतेपासून त्यांचं रक्षण होतं. फक्त चुनखडीच, विरलेला चुना लावलात तर जिवाणू जागीच मेले.

9. फरक पडला का, हे कसं बघायचं

पेरणीनंतर 30-40 दिवसांनी कडधान्याची पाच-सहा रोपं कुदळीने खणून काढा, उपटू नका, उपटलं की गाठी मातीत राहतात. बादलीत धुवा. गाठ नखाने कापा. आतून गुलाबी-लाल असेल तर ती नत्र धरतेय. पांढरी किंवा हिरवट म्हणजे काम करत नाही. चुना सरीत टाकल्यावर पहिल्या हंगामात मी पावट्याची गाठ कापली आणि आतून गुलाबी निघाली, तशीच तळहातावर घेऊन काकांच्या अंगणात गेले. ते काही बोलले नाहीत, चष्मा काढून जवळून बघितलं आणि सासूबाईंना हाक मारून दाखवलं.

सुती कापडाचा तुकडा 10 सेंटीमीटर खोल पुरा, चुना टाकलेल्या कोपऱ्यात एक आणि न टाकलेल्या कोपऱ्यात एक, खूण करा, दोन महिन्यांनी काढा. जिथे जिवाणू-बुरशी कामाला आहेत तिथे कापड विरून जाळी झालेली असते. तिथेच एक फावडंभर माती काढून गांडुळं मोजा आणि तारीख टाकून वहीत लिहा.

मातीचं वाळलेलं ढेकूळ पाण्याच्या ग्लासात अलगद सोडा. लगेच विरघळून गढूळ झालं तर रचना अजून कच्ची, टिकून राहिलं तर बुरशी आणि मुळांनी माती बांधायला सुरुवात केलीय.

सामू परत दोन-तीन वर्षांनी तपासा, त्याच महिन्यात, त्याच जागी, दोन थर वेगळे करून. आपल्या पावसात कॅल्शियम धुपत राहतं त्यामुळे एकदा टाकला की झालं असं नाही. वरच्या थराचा सामू परत साडेपाचकडे येताना दिसला तर नांगर काढू नका, गुंठ्याला 2-3 किलो बारीक डोलोमाईट भात कापल्यावर वाफ्यावर पसरा आणि वरून आच्छादन टाका. खालचा थर पहिल्याच वेळी नीट सुधारलेला असेल तर एवढं पुरतं.